शेवटचा हात

माझ्या नाकावर राग असतो, हे रामवाडीत आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण त्याला कारण आहे. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी गेली सव्वीस वर्षं डोळ्यांची आखणी करते. अंगाचा रंग झाला, पीतांबर झालं, सोनेरी लागलं, की सगळ्यात शेवटी मूर्ती माझ्यापुढे येते. मी डोळे काढते, भुवया काढते, कुठे कुणाची रेघ हलली असेल ती सरळ करते आणि मगच मूर्ती फळीवर जाते. याला आमच्याकडे शेवटचा हात म्हणतात. तो फिरल्याशिवाय एकही गणपती कारखान्याच्या दाराबाहेर पडत नाही. असं काम करताना मागून कुणी नुसतं शिंकलं तरी माझं डोकं फिरतं.

त्यामुळे दिवाळीनंतर एकदा रोह्याहून एक वर्ग कारखाना बघायला आला, तेव्हा जे झालं ते होणारच होतं. पंधरा-सोळा माणसं होती, सगळी मोठी. कुणाला डाउन सिंड्रोम, कुणाला ऑटिझम, कुणाची समज वयाच्या मागे राहिलेली. त्यातल्या चाळिशीच्या एका गोल चेहऱ्याच्या गृहस्थाने नुकत्याच रंगवलेल्या सोंडेवर सरळ बोट टेकवलं.

"ए! हात मागे!" मी ओरडले. "ओला आहे रंग, दिसत नाही?"

त्याने आधी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि म्हणाला, "सॉरी. पण रंग झकास हाय."

मला हसू आवरेना. त्यांच्यासोबत आलेली वर्गाची ताई माझ्याकडे आली, तेव्हा मला वाटलं आता ही माझी खरडपट्टी काढणार. तर ती म्हणाली, "आमच्याकडे चित्रं शिकवायला याल का?"

"मला शिकवता येत नाही हो. मला फक्त ओरडता येतं."

"तेच हवंय. यांच्याशी सगळे लाडीगोडीने बोलतात. चाळीस वर्षांच्या माणसाला लोक बाळा म्हणतात. तुम्ही त्याला एखाद्या कारागिरासारखं झापलंत."

अशी मी ओरडण्याच्या जोरावर मास्तरीण झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची गाडी धरायची, पेण ते रोहा. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. पिशवीत शाडूचा गोळा, ब्रश आणि डबा.

इथे मी कुणाची नावं लिहिणार नाही. तशीही कारखान्यात आम्हाला गावावरून हाक मारायची सवय आहे. सोंडेवर बोट टेकवणारा तो धाटावचा, रोह्याजवळच्या कंपन्यांच्या गावचा. त्याला बोलायला फार लागायचं. पहिल्या दिवसापासून तो मला आखणीबाई म्हणू लागला आणि बघता बघता सगळा वर्ग म्हणू लागला. दुसरी निडीची. तिशीच्या आतबाहेरची, उंच, घट्ट वेणी घातलेली. तिला ऑटिझम होता. दिवसाला चार शब्द बोलली तर खूप. ती आणि तिची आई माझ्याच गाडीला निडीला चढायच्या. आई माझ्या शेजारी बसून बडबडायची आणि ती खिडकीशी बसून बाहेर बघायची.

शिकवायचं कसं, तर मला एकच पद्धत माहीत होती, कारखान्याची. आमच्याकडे नव्या मुलीला पहिल्या वर्षी उंदीर देतात. उंदीर जमला की पाट, पाट जमला की पीतांबर. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उंदीर काढायला लावला. दीड तासात फळ्याखाली पंधरा उंदीर जमले. एक बटाट्यासारखा, एक शेपूट दोन कागदांवर गेलेला, धाटावच्याचा तर चक्क बूट घातलेला.

"उंदराला बूट?"

"कंपनीत शेफ्टी शूज लागतात, आखणीबाई."

उंदीर पास.

हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं. कुणाचा हात थरथरतो, त्याचा कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवायचा. बारीक ब्रश बोटांत ठरत नाही, तर दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करायचा. रेघेच्या आत रंग राहत नाही, तर रेघेवर शाडूची बारीक वळी लावायची, म्हणजे ब्रश तिथे येऊन अडतो आणि हाताला समजतं की इथे थांबायचं. ही वळीची युक्ती माझी स्वतःची आणि तिचा मला अजून गर्व आहे. ताईची शिकवण वेगळी होती. ती भिंतीवर चित्रांची पट्टी लावायची: आधी हे, मग हे, मग हे. आणि मला दर वेळी सांगायची, "करून दाखवा. करून देऊ नका. त्यांच्या कागदाला हात लावायचा नाही, आपल्या कागदावर काढायचं."

"हो हो," मी म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

निडीची मात्र उंदीर काढेना. पहिले तीन आठवडे तिने कागदाला पेन्सिल लावली नाही. मी ओरडून बघितलं, गप्प बसून बघितलं. चौथ्या आठवड्यात एका शुक्रवारी तिने पेन्सिल उचलली आणि चौकोन काढला. त्याच्या शेजारी चौकोन, त्याच्या शेजारी चौकोन. पट्टी न लावता काढलेल्या त्या रेघा इतक्या सरळ होत्या की मी चष्मा पुसून परत पाहिल्या. मग प्रत्येक चौकोनात एक काळा गोळा. वर एक लांब रेघ, खाली दोन चाकं. बस!

तिची आई बाहेर ओट्यावर बसलेली असायची. मी धावत कागद घेऊन गेले. तिने तो पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला.

"ही बापसाची बस हाय, बाई," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. नवरा धाटावला कंपनीत. शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि मुलीला बदल सोसत नाही. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी एकपासून ती दारात उभी. बस साडेतीनला फाट्यावर येते. तोवर अडीच तास ती येरझाऱ्या घालते, दाराच्या चौकटीवर कपाळ आपटते. दोनदा टाके पडले होते. आई हात मधे घालायची, म्हणून आईचीही बोटं सुजलेली.

त्या शुक्रवारनंतर घरी दारात कागद आला. ती एकला बसायची आणि बस काढायला घ्यायची. एक बस काढून होईतो दोन वाजत, दुसरी होईतो तीन. आई मला गाडीत बोटं दाखवायची. "बघा, सूज नाय. पंधरा दिस झाले." मला इतका आनंद झाला होता की पुढच्या खेपेला मी नागोठण्याच्या स्टेशनवर अर्धा डबा वडे घेऊन सगळ्या वर्गाला खाऊ घातले.

आणि मग मीच त्या आनंदावर बोळा फिरवला.

ताईने ठरवलं, सगळ्यांची चित्रं व्हरांड्यात लावायची, घरच्यांना बोलवायचं. मंगळवारी वर्ग सुटल्यावर मी म्हटलं, तुम्ही जा, मी लावून ठेवते. सोळा चित्रं मी रांगेने मांडली आणि माझे हात शिवशिवायला लागले. इथे रेघ हलली आहे, तिथे रंग बाहेर आला आहे. शुक्रवारी लोक बघणार. काम बाहेर जाणार आणि शेवटचा हात नाही? मी पिशवीतून आखणीचा ब्रश काढला. जित्याची खोड. एका तासात मी सोळाच्या सोळा चित्रं नीट केली. निडीचीच्या बसमध्ये चौदा डोकी होती आणि एकालाही डोळे नव्हते. बिनडोळ्यांची चौदा तोंडं माझ्याकडे बघून ओरडत होती. मी चौदाही जणांना डोळे काढले. सुंदर, टपोरे, पापण्यांसकट. मला आठवतं, मी गुणगुणत होते.

शुक्रवारी घरचे आले. सगळे वाहवा करत होते. धाटावचा आपल्या उंदरापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "हा माझा उंदीर नाय. माझा ढेरीवाला होता."

लोक हसले. मीही हसले. तेवढ्यात माझी नजर निडीचीकडे गेली. तिने एका खिडकीवर तळहात ठेवला होता आणि ती घासत होती. हात काढून बघायची, परत घासायची. माझा रंग पक्का, कारखान्याचा. तो कसला जातोय? मग ती गेली आणि जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसली.

"अहो, डोळेच नव्हते!" मी ताईला म्हटलं. तिने मला काही विचारलंही नव्हतं.

"तुम्हाला कुणी काढायला सांगितले होते?" ती हळू आवाजात म्हणाली. तिने ओरडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं.

निडीचीने पेन्सिल सोडली. वर्गात ती जिन्याखाली बसायची आणि घरी कागद पुढे ठेवला तर ढकलून द्यायची. फर्स्ट शिफ्टचा आठवडा आला आणि चौकट पुन्हा सुरू झाली. मंगळवारी गाडीत तिच्या कपाळावर पट्टी होती. तिची आई त्या दिवशी बडबडली नाही. रोहा जवळ आलं तेव्हा म्हणाली, "बाई, अजून दोन खेपा आणीन. मग नाय आणणार. गाडीत पण कपाळ आपटायला लागली तर मी एकटी काय करू?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी माफी मागितली. आईने मान हलवली, पण माफी तिच्या काय कामाची? ज्या कागदाने त्या घरातली दुपार सोपी केली होती तो मी बिघडवला होता आणि तो परत कसा द्यायचा हे मला समजत नव्हतं. मी नवे रंग आणले, नवा कागद आणला, जिन्याखाली तिच्या शेजारी बसून बस काढली. तिने मान वळवली. मी काढलेल्या बसकडे तिने का बघावं?

त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. मला माझे जुने वस्ताद आठवत होते. मी नवी असताना माझ्या प्रत्येक मूर्तीवर ते हात फिरवायचे आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे. एक दिवस त्यांनी माझी मूर्ती उचलली, फिरवून पाहिली आणि तशीच फळीवर ठेवली. मी पेढे वाटले होते. एवढं सगळं मला ठाऊक असून मी हे केलं, याची लाज वाटली. अजून वाटते.

पुढच्या खेपेला, म्हणजे आईने दिलेल्या दोनातल्या पहिलीला, परतीच्या गाडीतून मी त्यांच्याबरोबर निडीलाच उतरले. "मला दारात उभं राहून बघायचंय," मी आईला म्हटलं. "ती काय बघते ते."

घर फाट्यापासून थोडं वर आहे. मुलगी चौकटीला टेकून उभी, आई तिच्या आणि चौकटीच्या मधे हात घालून, मी मागे. साडेतीनला बस आली. उन्हं काचांवर तिरपी पडली होती. आत माणसं होती, पण पहाटे उठून आठ तास राबलेली माणसं ती. कुणी काचेला डोकं टेकून झोपलेलं, कुणाची मान छातीवर पडलेली, कुणाची नुसती पाठमोरी टाळू. काळी गोल डोकी. मी डोळे ताणून बघितलं. एकाचाही डोळा दिसेना.

"अगो बाई," मी मोठ्याने म्हणाले, "ही बरोबर होती!"

"कोण?" आईने विचारलं.

"तुझी लेक! मीच आंधळी."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. आईला वाटलं, बाईला ऊन लागलं. तिने मला पाणी आणून दिलं. सव्वीस वर्षं मी डोळे काढत आले होते, पण जे दिसतं तेच काढावं हे मला त्या दारात कळलं आणि तेही माझ्या विद्यार्थिनीकडून.

मंगळवारी, म्हणजे शेवटच्या खेपेला, मी कारखान्यातून पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन गेले. मूर्तीवर चूक झाली की आम्ही तिच्यावर पांढरा मारतो आणि पुन्हा सुरुवात करतो. व्हरांड्यातलं तिचं चित्र मी उतरवलं आणि जिन्याखाली तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर मांडलं. गुडघे कुरकुरले. सगळा वर्ग भोवती जमला.

"मी चुकले," मी तिला म्हटलं. "ही झोपलेली माणसं आहेत. मी बघितली परवा."

मग मी बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि पहिल्या खिडकीतले डोळे बुजवले. जन्मात पहिल्यांदा मी डोळे पुसत होते. दुसऱ्या खिडकीतले पुसले, तिसऱ्या खिडकीतले पुसले. ती बघत नव्हती. चौथ्याला तिची मान थोडी वळली. पाचव्या खिडकीवर ब्रश नेला, तेव्हा माझ्या हातावर तिची बोटं आली. तिने ब्रश काढून घेतला.

पुढच्या दहा खिडक्या तिने स्वतः केल्या. सावकाश, एकेक पापणी, रेघेच्या बाहेर टिपूस न जाऊ देता. चौदावी झाली, तशी तिने ब्रश खाली ठेवला, पेन्सिल उचलली आणि ओल्या पांढऱ्यावर डोकी काळी करायला लागली. रंग लडबडत होता. माझ्या तोंडाशी आलं की अगं वाळू दे आधी आणि हात आपोआप पुढे गेला.

"आखणीबाई, हात मागे!" धाटावचा खच्चून ओरडला. "ओला हाय रंग, दिसत नाय?"

सगळा व्हरांडा हसला. ताई हसली, ओट्यावरून मुलीची आई हसली आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आजही मी वर्गात तशीच बसते. माझ्या अशा बसण्याचं चित्रही धाटावच्याने काढलंय. त्यात मला हातच नाहीत.

आई त्यानंतरही तिला आणत राहिली. कुणी काही ठरवलं नाही, त्या शुक्रवारी त्या दोघी निडीला गाडीत चढल्या, एवढंच. बोलणं पुन्हा सुरू झालं. घरचे कागद ती पिशवीत घालून आणायची आणि गाडीत माझ्या मांडीवर पसरायची. चौदा खिडक्या, चौदा झोपलेली डोकी. कधी कुणाची मान डावीकडे, कधी उजवीकडे.

मागच्या महिन्यात पुन्हा फर्स्ट शिफ्टचा आठवडा होता, म्हणून मी परतताना निडीला उतरले. ती दारात पाय पसरून बसली होती, मांडीवर पाट, पाटावर कागद. चौकटीकडे तिचं लक्षही नव्हतं. आई आत निवांत भाकऱ्या थापत होती. कित्येक वर्षांनी दुपारी दोन्ही हात मोकळे, असं ती म्हणाली. मी मुलीच्या बाजूला बसले, हात मांड्यांखाली. चौकोन झाले, डोकी व्हायला लागली. साडेतीनला खाली बस थांबली, दार उघडलं, मिटलं, बस पुढे गेली. तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि परत कागदाकडे वळून शेवटची दोनतीन डोकी भरभर भरली. पेन्सिल खाली ठेवली.

मी बघितलं. तेरा खिडक्यांत डोकी होती, एक खिडकी कोरी होती. अशी खिडकी तिने आजवर कधी सोडली नव्हती. मी स्वतःला खूप आवरलं, पण जीभ काही मांडीखाली दाबता येत नाही.

"अगो," मी म्हटलं, "एक राहिलं बघ. ही मोकळीच आहे."

तिने कोऱ्या खिडकीवर बोट ठेवलं.

"बाबा उतरला," ती म्हणाली. मग कागद माझ्या मांडीवर ठेवून ती उठली आणि वाट चढून येणाऱ्या बापाच्या हातातला डबा घ्यायला गेली.